घास, घसा आणि १४४१६ : एका सेवेविषयी सविस्तर अभिप्राय

भुसावळजवळच्या एका गावात मी गेली बारा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते आहे. हा अभिप्राय केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या दूरध्वनी सेवेविषयी आणि त्या सेवेने दाखवलेल्या वाटेवर पुढे जळगावात मला मिळालेल्या उपचारांविषयी आहे. ज्या डॉक्टरांनी आणि मानसशास्त्रज्ञ ताईंनी मला बरे केले त्यांची नावे मी लिहीत नाही, कारण आमच्या भागात कोणत्या दवाखान्यात कोण जाते हे कळायला दोन दिवसही लागत नाहीत, आणि माझ्यामागून तिथे जाणाऱ्या बायकांना त्याचा त्रास होऊ नये असे मला वाटते. सेवेचा क्रमांक मात्र मी मुद्दाम शीर्षकात घातला आहे.

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या शेतात भरिताची पार्टी होती. खानदेशात थंडी पडली की अशी एखादी पार्टी प्रत्येक घरी होतेच. जाळावर भाजलेली बामणोदची वांगी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असा बेत होता. जेवताना नणंदेशी बोलण्याच्या भरात भाकरीचा एक कोरडा तुकडा माझ्या घशात अडकला. श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, धाकट्या दिराने पाठीत जोराने थापा मारल्या आणि तुकडा बाहेर पडला. सगळा प्रकार फार तर अर्ध्या मिनिटाचा असेल. पाच मिनिटांनी बाकीची मंडळी पुन्हा हसत जेवू लागली. मी त्या दिवशी आणखी काही खाल्ले नाही, आणि त्याचे कुणालाच, अगदी मलाही, विशेष वाटले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक घासावर पाण्याचा घोट घेऊ लागले. आठवड्याभरात भाकरी सुटली आणि पोळी दुधात कुस्करून खाणे सुरू झाले. संक्रांतीला तिळाची वडी हातात घेऊन मी ती परत ताटलीत ठेवली. जानेवारी संपता संपता मी वरणाचे पाणी, ताक, दूध आणि पाण्यासारखी पातळ पेज एवढ्यावर आले होते. शाळेत डबा उघडण्याची वेळ झाली की छाती धडधडू लागे, आणि मुलांच्या वह्या तपासण्याचे निमित्त करून मी वर्गातच बसून राही. एकटीने जेवणे तर पूर्ण बंद झाले होते, कारण घरात कुणी नसताना घास अडकला तर पाठीत थाप कोण मारील, हा विचार मनातून जात नव्हता. मार्चच्या शेवटी माझे वजन ५८ किलोवरून ४५ किलोवर आले होते.

मला बारीक व्हायचे नव्हते, हे इथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. खाण्याचे विकार म्हटले की आरशासमोर उभी राहून स्वतःला जाड समजणारी, पदवीचे शिक्षण घेणारी शहरातली मुलगी आपल्या डोळ्यांसमोर येते. तो आजार खराच आहे आणि जिवावर बेतणारा आहे, परंतु खाण्याशी बिघडलेले नाते एवढ्या एकाच रूपात येत नाही. मला दिवसभर भूक लागायची. स्वप्नात मला शेवभाजी आणि फुणके दिसायचे. तरीही घास तोंडाजवळ नेला की घसा आवळल्यासारखा व्हायचा. अशा प्रकारच्या आजाराला २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत स्वतंत्र नाव मिळाले आणि त्याचे इंग्रजी लघुरूप ‘एआरएफआयडी’ असे आहे. अन्न टाळण्याचा किंवा अगदी मोजकेच पदार्थ खाण्याचा हा विकार असून काहींना मुळात भूकच जाणवत नाही, काहींना अन्नाचा वास, चव किंवा स्पर्श सहन होत नाही, आणि माझ्यासारख्या काहींना घास अडकेल, उलटी होईल किंवा पोटात दुखेल अशी भीती वाटते. वजनाची किंवा दिसण्याची काळजी यांपैकी कशाच्याही मुळाशी नसते.

ही भीती घशात नेमके काय करते ते मला पुढे जळगावात समजले, पण वाचकाला ते आत्ताच सांगितले तर पुढचे सोपे जाईल. माणूस घाबरला की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते, आणि त्या तयारीत पचनाचे काम मागे पडते. लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते, घशाचे स्नायू ताठरतात आणि पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतो. म्हणजे घास अडकेल या भीतीनेच घास गिळणे खरोखर अवघड होते, आणि तो अवघड अनुभव त्या भीतीला पुरावा पुरवतो. त्यातच ज्या गिळण्याकडे एरवी आपले लक्षही नसते ते लक्ष देऊन करायला गेले की बिघडते. शिवाय टाळलेल्या प्रत्येक घासाबरोबर क्षणभर बरे वाटते, आणि त्या क्षणभराच्या बरे वाटण्यामुळेच पुढचा घास टाळण्याची ओढ आणखी वाढते.

याची दुसरी बाजू मला अधिक धक्कादायक वाटली. उपासमार स्वतःच चिंता वाढवते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले होते. निवड करताना मनाने धडधाकट ठरलेली ती मुले काही महिन्यांत चिडचिडी, उदास आणि चिंताग्रस्त झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, आणि माणसांत मिसळेनाशी झाली. मानसशास्त्रज्ञ ताईंनी हे सांगितले तेव्हा मला एकदम रडू आले. मार्चमधली माझी चिडचिड, मुलांवर ओरडणे, रात्री तीन वाजता जागे होणे, या सगळ्याला मी स्वतःचा नाकर्तेपणा समजत होते. त्यातला कितीतरी भाग नुसत्या भुकेचा होता.

या चार महिन्यांत मला मदत मिळाली नाही असे नाही, पण ती चुकीच्या दारांवर मिळाली. एका तज्ज्ञांनी दुर्बिणीने घसा आणि अन्ननलिका तपासली, दुसरीकडे बेरियम पिऊन क्ष-किरण तपासणी झाली, थायरॉईड आणि साखर पाहिली. सगळे अहवाल चांगले आले. या तपासण्या व्हायलाच हव्या होत्या, कारण गिळण्याचा त्रास शरीराच्या गंभीर आजारानेही होऊ शकतो, आणि तो आधी नाकारल्याशिवाय मनाकडे बोट दाखवणे धोक्याचे ठरते. पण अहवाल हातात ठेवून एका डॉक्टरांनी, ज्यांचे नाव मी घेणार नाही, “सगळं नॉर्मल आहे, मॅडम, मनावर घेऊ नका,” असे सांगून टॉनिकची बाटली लिहून दिली आणि पुढचा रुग्ण बोलावला. त्रास घशात नव्हता हे त्यांनी बरोबर ओळखले होते. मग तो कुठे होता आणि त्यावर इलाज कुणाकडे होता, हे त्यांनी सांगितले नाही. घरी सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि “दोन घास खाई घे व माय,” म्हणत त्या माझ्यासमोर बसून राहायच्या. त्यांच्या मायेबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण त्या समोर बसल्या की माझा घसा अधिकच आवळायचा. शाळेतल्या दोन मैत्रिणी तर “काय छान बारीक झालीस, आम्हालाही सांग की उपाय,” असे म्हणाल्या. कुणी झपाट्याने बारीक होत असेल तर कौतुक करण्याआधी जेवण जाते का एवढे विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

टेली मानसचा क्रमांक मला एका शिक्षक प्रशिक्षणात मिळाला होता, विद्यार्थ्यांसाठी म्हणून. एका रात्री साडेदहाला, सगळे झोपल्यावर, ओसरीत बसून मी १४४१६ फिरवला. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली असून ती मोफत आहे, दिवसरात्र चालते, आणि मराठीसह वीस भाषांत उपलब्ध आहे. बेंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिचे मध्यवर्ती केंद्र आहे. फोन लागल्यावर आधी ध्वनिमुद्रित सूचनांनुसार भाषा निवडावी लागते, आणि मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते फोन पुढच्या स्तरावरील मानसिक आरोग्य तज्ज्ञांकडे देतात किंवा प्रत्यक्ष तपासणीसाठी जवळच्या ठिकाणी पाठवतात. आपली ओळख सांगण्याची सक्ती नसते.

पलीकडच्या ताईंचा आवाज तरुण होता. मी घाईघाईने दुर्बिणीपासून टॉनिकपर्यंत सगळे सांगून टाकले. त्यांनी मला मध्ये तोडले नाही. मग त्यांनी विचारले, “ताई, घास तोंडात असतो त्या क्षणी तुमच्या मनात नेमकं काय येतं?” चार महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. काय खाता, किती खाता, का खात नाही, हे सगळ्यांनी विचारले होते. मी म्हणाले, “माझी सात वर्षांची मुलगी समोर बसलेली असते, आणि तिच्या डोळ्यांदेखत मी गुदमरून मरते आहे असं दिसतं.” हे वाक्य मी तोपर्यंत स्वतःशीसुद्धा उच्चारले नव्हते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, आणि नंतर त्या म्हणाल्या, “मग तुम्ही रोज तीन वेळा मृत्यूच्या भीतीसमोर बसताय, आणि तरी रोज बसताय.” कुणीतरी माझ्या त्रासाचे मोजमाप बरोबर घेतले, एवढ्यानेच माझे खांदे सैल झाले.

त्यानंतरचे त्यांचे प्रश्न मला आज अधिक महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांत केवळ सहानुभूती नव्हती. वजन किती दिवसांत किती उतरले, उठताना चक्कर येते का, छातीत ठोके चुकल्यासारखे वाटतात का, लघवी कमी होते का, पाळी येते का, जीव नकोसा वाटतो का, असे त्यांनी एकेक करून विचारले. पाळी दोन महिने आली नव्हती आणि चक्कर रोज येत होती. त्यांनी मला स्पष्ट सांगितले की, फोनवरून वजन करता येत नाही आणि रक्तही तपासता येत नाही, त्यामुळे येत्या दोन दिवसांत मी मनोविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटले पाहिजे, आणि बेशुद्ध पडले तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात गेले पाहिजे. शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांची माहितीही त्यांनी दिली. माझ्या एका आतेभावाच्या ओळखीचे डॉक्टर जळगावात असल्याने मी खासगीत गेले, ही माझी सोय होती. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी शासकीय विभागात जाण्यास संकोच करू नये. अपेक्षा एवढीच ठेवावी की १४४१६ हे दार आहे. आठवड्यामागून आठवडे चालणारा उपचार त्या दाराच्या पुढे असतो.

जळगावच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत पन्नास मिनिटे दिली. यांनाही (माझ्या पतींना) त्यांनी आत बोलावले, पण आधी मला एकटीला विचारून. इसीजी काढला, आणि रक्तातील पोटॅशियम, फॉस्फेट व मॅग्नेशियम तपासायला सांगितले. याचे कारण मला ठाऊक नव्हते. फार दिवस अर्धपोटी राहिलेल्या माणसाला एकदम भरपेट खाऊ घातले तर रक्तातील हे क्षार झपाट्याने खाली जाऊ शकतात आणि हृदयाला धोका होतो, त्यामुळे आहार मोजून-मापून, आणि सुरुवातीला रक्त तपासत, वाढवावा लागतो. ‘आता बळजबरीने चांगलंचुंगलं खाऊ घाला’ हा सल्ला देणाऱ्या आमच्यासारख्या घरांनी हे लक्षात ठेवावे. चिंतेवरील औषधही त्यांनी सुरू केले. गोळी गिळण्याची मला भीती आहे हे ऐकून त्यांनी हसण्यावारी नेले नाही आणि ते पातळ स्वरूपात दिले. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, आणि औषध भीतीचा आवाज कमी करील, घास मात्र तुम्हालाच घ्यावा लागेल, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले.

खरा उपचार मानसशास्त्रज्ञ ताईंकडे झाला, आणि त्याबद्दल मी किती लिहू असे मला होते. त्यांनी मला कागदावर पदार्थांची शिडी करायला सांगितली. प्रत्येक पदार्थापुढे भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे. मी शिक्षिका असल्याने गुण देणे मला जमले. ताक पाच, मऊ वरणभात तीस, केळे चाळीस, खिचडी पन्नास, पोळी सत्तर, ज्वारीची भाकरी पंच्याऐंशी, आणि कळण्याची भाकरी शंभर. दर आठवड्याला एकच पायरी चढायची, ती रोज चढायची, आणि घासावर पाण्याचा घोट घ्यायचा नाही, कारण तो घोट म्हणजे ‘पाणी होते म्हणून वाचले’ असे मनाला पढवणे होते. आधी मला काय होईल असे वाटते ते लिहायचे, मग खायचे, आणि मग खरोखर काय झाले ते लिहायचे. ‘गुदमरेन’ हा शब्द डाव्या रकान्यात मी ६३ वेळा लिहिला आहे. उजव्या रकान्यात तो एकदाही नाही.

केळ्याचा आठवडा मला विसरता येणार नाही. जळगावचे केळे म्हणून ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते केळे आमच्या दारात ट्रकने भरले जाते, आणि मी एप्रिलच्या उन्हात त्या ताईंच्या खोलीत बसून त्याची एक पातळ चकती हातात धरून बावीस मिनिटे रडत होते. ताईंनीही एक चकती घेतली होती. त्यांनी “खा” असे एकदाही म्हटले नाही. भीती कुठे जाणवते, आत्ता किती गुण आहेत, एवढेच त्या अधूनमधून विचारत होत्या. शिडीवर चाळीस असलेले, पण केळे प्रत्यक्ष हातात आल्यावर नव्वदवर गेलेले गुण हळूहळू पंचावन्नवर आले, आणि तेव्हा मी ती चकती चावली, गिळली, आणि काहीही झाले नाही. घरी यांना आणि सासूबाईंना एक वेगळे काम दिले होते: माझ्या ताटाकडे पाहायचे नाही, मोजायचे नाही, आणि जेवताना शेतीच्या, कापसाच्या, लग्नाच्या, कशाच्याही गप्पा मारायच्या. सासूबाईंना हे फार जड गेले, पण त्यांनी ते पाळले, आणि माझ्या बरे होण्यात त्यांचा वाटा डॉक्टरांइतकाच आहे असे मी मानते.

ताईंनी माझे बालपणही विचारले. लहानपणी मला शाळेत उलटी होण्याची भीती वाटायची, परीक्षेच्या दिवशी मी उपाशीच जायचे, आणि घरी ‘ही जरा भित्री आहे’ म्हणून ते सोडून दिले जायचे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ६७२ रुग्णांच्या एका अभ्यासात, अतिशय कमी खाणाऱ्या आणि खाऊन उलटी करणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी चिंताविकार होता, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो खाण्याच्या विकाराच्या आधी, लहानपणीच सुरू झालेला होता. माझा विकार त्या दोन्हींपेक्षा वेगळा आहे, तरी हा क्रम माझ्या आयुष्याशी जुळतो. वर्गातली एखादी मुलगी डबा न खाता परत नेते तेव्हा मी आता तिच्याजवळ जाऊन बसते.

उणिवा सांगायलाच हव्यात. चिंता आणि खाणे या दोन्हींवर एकत्र काम केलेली माणसे आमच्या भागात फार शोधावी लागतात. आहारतज्ज्ञ म्हणून ज्यांच्याकडे मी आधी गेले त्यांनी वजन कमी करण्याचाच छापील तक्ता मला पुढे केला होता. नंतर जळगावच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या आहारतज्ज्ञांनी आमच्या घरात जे शिजते त्यातूनच, खिचडीवर तेल, पेजेत लोणी, ताकात भिजवलेला भात असे करत, आहार वाढवून दिला. भुसावळहून जळगाव पंचवीस किलोमीटर आहे, गाडीने सहज जाता येते, पण बावीस भेटींसाठी अर्ध्या रजा, भाडे आणि फी असा हिशोब करावा लागतो, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला तो झेपणारा नाही. सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या बाईला तर अंतरच आडवे येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांवरील उपचारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देण्याची अट घातली आहे, हे मला फार उशिरा कळले. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या भेटींचा खर्च मात्र अनेक पॉलिसींत धरला जात नाही, तेव्हा आपली पॉलिसी नीट वाचून घ्यावी. घरी या आजाराविषयी सांगायला सोपा मराठी शब्दही मला सापडला नाही. मी ‘घासाची भीती’ म्हणू लागले, आणि तेवढ्याने सासूबाईंना सगळे समजले.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असे काही चालले असेल तर एवढेच पाहावे: थोड्या महिन्यांत कपडे सैल झाले आहेत का, पदार्थांची यादी दर आठवड्याला आखूड होते आहे का, जेवणाच्या वेळी माणूस कामे काढतो का, एकत्र जेवणे टाळतो का. चक्कर, छातीत अनियमित ठोके किंवा बेशुद्धी असेल तर फोनवर वेळ न घालवता आधी रुग्णालय गाठावे. नसेल तर रात्री साडेदहालाही १४४१६ वर कुणीतरी उचलते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी, रावेरला, गेले होते. तेव्हा शिडीच्या निम्म्यावरच होते, म्हणून आईने खापरावरचा मांडा आमरसात बुडवून पुरता मऊ होऊ दिला, आणि मी त्यातला चतकोर खाल्ला. ऑगस्टमध्ये वजन ५३ किलो होते आणि पाळी नियमित झाली होती. भेटी आता महिन्यातून एकदा आहेत. कळण्याची भाकरी शंभरवरून पस्तीसवर आली आहे, आणि येत्या थंडीत भरिताला बसायचे आहे, पाण्याचा तांब्या हाताशी न ठेवता.